कुरमुरे का सादळले?

“माझी मुलगी नुकतीच चार वर्षांची झाली. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर शनिवारी ‘सायन्स अ‍ॅक्टिव्हिटी’ नाहीतर ‘सेन्सरी प्ले’चा, म्हणजे स्पर्श-वास-आवाजाच्या खेळाचा, व्हिडिओ टाकायचा असतो. इतर आया रंगवलेल्या तांदळाचे टब भरतात, ज्वालामुखी उडवतात, स्लाइम करतात. आमचं कांजूरमार्गला वन रूम किचन आहे. मी ऑफिसातून साडेसातला घरी पोचते, तोवर मुलगी सासूबाईंकडे असते. मी एकदा किलोभर तांदूळ रंगवले, तर सासूबाई दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. अन्नाशी खेळू नये, एवढंच म्हणाल्या. त्यात मुलीला चिकट काही हाताला लागलेलं चालत नाही. कणीक लागली तरी रडते, लगेच हात धुवायला लावते. एका दुकानात अठराशे रुपयांचं सायन्स किट बघून ठेवलंय. घेऊ का? ती मागे तर पडणार नाही ना?”
— एक आई, कांजूरमार्ग

ताई,

किट घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं आहे आणि या वयाच्या मुलांना जे लागतं ते तुमच्या ओट्यावर आणि मोरीत आहे. दिवसभर आजी जवळ आहेत, ही तर किटपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट.

साधनांचा हा प्रश्न नवा नाही. ताराबाई मोडक मुंबईत जन्मलेल्या, १८९२ सालच्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला केंद्र काढलं आणि १९५७ मध्ये अनुताई वाघांसह ते काम कोसबाडला नेलं. माँटेसरी पद्धतीची साधनं त्यांना नीट माहीत होती. पण ती महाग होती आणि आदिवासी पाड्यांवर ती कोण पुरवणार? मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे ही साधनं झाली. मोजणं, लावणं, हलकं-जड, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं मुलं त्यावरच शिकली. तुमच्या घरातलं सामान त्याहून पुष्कळ जास्त आहे.

आता जुलै चालू आहे, तेव्हा उद्यापासूनच करता येईल असं एक सांगते. सकाळी निघायच्या आधी मुलीला दोन वाट्यांत मूठमूठ कुरमुरे घालू द्या. एक वाटी घट्ट झाकणाच्या डब्यात, दुसरी उघडी, खिडकीजवळ. दोन्हीतला एकेक कुरमुरा तिला आधी खाऊ दे आणि खाताना कान द्यायला सांगा. मग विचारा, “संध्याकाळी कसे लागतील गं?” ती काहीही म्हणेल. म्हणू द्या. तुम्ही लोकल पकडा.

साडेसातला घरी आलात की पुन्हा दोन्ही वाट्या काढा. डोळे मिटून चिमटीत धरून बघू दे, दातांखाली धरू दे. एक कुर्र वाजतो, दुसरा वाजतच नाही. ‘कुरकुरीत’, ‘मऊ’, ‘वातड’, ‘सादळलेला’ असे किती शब्द आपल्याकडे एवढ्याशा कुरमुऱ्यासाठी तयार आहेत! हे शब्द तिला त्या क्षणी मिळाले, दातांखाली ती गोष्ट असताना मिळाले, की पुन्हा कधी विसरत नाहीत. चित्रातून हे होत नाही.

माझ्या वर्गात एका मुलानं सादळलेल्या वाटीकडे बघून “हे झोपले” असं म्हटलं होतं. मी विचारलं, “मग उठवायचं कसं?” तो विचारात पडला, पण शेजारची मुलगी म्हणाली, “ऊन द्यायचं.” बाहेर मुसळधार पाऊस. ऊन आणायचं कुठून, यावर पाच-सहा मुलं खूप वेळ बोलत होती. शेवटी एकीला आठवलं, की घरी चिवड्याचे कुरमुरे आई आधी भाजून घेते. आम्ही मंद आचेवर कढई ठेवली. मुलांना लांब बसवलं, परतलं मी, आणि गार झाल्यावर वाटले. कुर्र! त्या दिवशी वर्गात जो आनंद होता तो मी अजून विसरलेले नाही.

यात काय घडलं ते तुमच्यासाठी सांगते. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत बाष्प भरपूर असतं. कुरमुरा आतून सच्छिद्र आणि कोरडा, तो ते शोषून घेतो आणि मऊ पडतो. उष्णता दिली की पाणी निघून जातं आणि कुरकुरीतपणा परत येतो. मिठाला पाणी सुटतं ते याच हवेमुळे, आणि आजी मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकत असतील तर तेही याच कारणानं. पण हे सगळं मुलीला आत्ता सांगायचं नाही. कृपा करून नाही. “हवेतलं पाणी कुरमुऱ्यात गेलं” हे वाक्य आपण पहिल्याच दिवशी टाकलं, की ती मान डोलावते आणि विषय संपतो. तिनं उघडी वाटी चार दिवस बघितली, अर्धं झाकण ठेवून बघितलं, बिस्कीट ठेवून बघितलं, पापड ठेवून बघितला, आणि मग “पण का?” असं तिनं विचारलं, तर त्या दिवशी सांगा. तेव्हा ते वाक्य तिच्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर असेल.

पालकांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून थोडं थांबून लिहिते. “सांग बघू, हे काय आहे? याचा रंग कोणता?” ही परीक्षा झाली, आणि मुलांना ती लगेच ओळखू येते. “तुला काय वाटतं, काय होईल?” हा खरा प्रश्न, कारण उत्तर दोघींनाही बघायचं आहे. तो विचारल्यावर गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. मोठ्यांना ती शांतता सोसत नाही, आपण तिसऱ्या आकड्यालाच उत्तर देऊन टाकतो. तिचा अंदाज चुकला तर “बघ, चुकलं” म्हणू नका, “अरेच्चा!” म्हणा. आणि तोच खेळ ती पुन्हा मागेल तेव्हा पुन्हा द्या. दर शनिवारी नवा खेळ हवा, ही ग्रुपची गरज आहे. चार वर्षांच्या मुलीला तोच खेळ दहा वेळा हवा असतो, आणि दहाव्या वेळी ती त्यात काहीतरी नवीन करते.

म्हणून तर मला ज्वालामुखी फारसा आवडत नाही. डोंगर आई करते, सोडा आई ओतते, फेस येतो, मुलं टाळ्या वाजवतात, संपलं. तेच सामान असं द्या: ताटलीत खायच्या सोड्याचा पातळ थर, वाटीत लिंबाचं पाणी आणि औषधाचा धुतलेला ड्रॉपर. एक थेंब, एक फुस्स. ती असे पन्नास थेंब टाकेल. मध्येच कुठेतरी थेंब टाकूनही फेस येणार नाही, कारण तिथला सोडा संपलेला असेल, आणि ती कोरडी जागा शोधायला लागेल. लिंबातलं आम्ल आणि सोडा भेटले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. सोडा घातलेला ढोकळा जाळीदार होतो तो याच वायूमुळे. ड्रॉपर दाबून दाबून बोटांना जी ताकद येते ती पुढे पेन्सिल धरताना कामाला येते, ते वेगळंच. ते पाणी डोळ्यात गेलं तर झोंबतं, म्हणून शेजारी बसा.

आता चिकट हातांचं. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग हाच, आणि तुम्ही तो ओझरता लिहिला आहे.

काही मुलांना ओला-चिकट स्पर्श खरोखरच नकोसा होतो. तो हट्ट नसतो आणि नखरेही नसतात. अशा मुलीचा हात धरून “काही होत नाही” म्हणत कणकेत घातला, तर ती फक्त एवढंच शिकते की या गोष्टीपासून आणि आईपासूनही सावध राहावं. तसं कोणालाही करू देऊ नका, पाहुण्यांनाही नाही. हात धुवायला तिला आवडतं ना? मग साबणापासूनच सुरुवात करा.

जुन्या पांढऱ्या सुती कापडाला हळदीचं पाणी फासून वाळवून ठेवा. अंगाच्या साबणाच्या वडीवर तिला ओलं बोट घासू द्या आणि त्या बोटानं कापडावर रेघ ओढू द्या. पिवळ्यावर लाल रेघ उमटते! त्या रेघेवर लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळी. साबण क्षारधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा असतो, त्यानं हळदीचा रंग लालसर होतो. हळदीपासून पारंपरिक कुंकू करतात त्याच्या मुळाशीही हळदीचा हाच गुण आहे. आजींना हे नक्की माहीत असेल, निदान हळदीच्या डागावर साबण लावला की काय होतं ते तरी. साबणाची वडीच घ्या, बाटलीतला हँडवॉश पुष्कळदा इतका सौम्य असतो की रंग बदलत नाही. काही ठिकाणी साबणाऐवजी खायचा चुना वापरायला सांगतात. तो घरात लहान मुलांच्या हाती अजिबात देऊ नका, डोळ्यात उडाला तर कायमची इजा होऊ शकते.

साबण जमला की पुढची पायरी कोरड्याची: रवा, सुकी वाळू, कापूस, काथ्या, नारळाची शेंडी. मग चमच्यानं किंवा काडीनं ढवळायचं ओलं, म्हणजे हात लागतच नाही. घट्ट बंद केलेल्या पिशवीत दोन चमचे कणकेची पेज घालून ती बाहेरून दाबायला दिली, तर कित्येक मुलं हसत खेळतात. मग एक बोट. शेजारी ओला नॅपकिन तिच्या हाताला येईल असा ठेवा आणि तिला सांगा, “हवं तेव्हा पूस.” पुसता येतं हे माहीत असलं की मूल बोट घालायला तयार होतं. याला आठवडे लागतात, कधी महिने. तिला कणीक आवडलीच पाहिजे असंही काही नाही.

फक्त एक बघा. कपड्यांचा टॅग, केस विंचरणं, मिक्सरचा आवाज, जेवणातले ठरावीकच दोन-तीन पदार्थ, असं बरंच काही तिला असह्य होत असेल आणि त्यामुळे रोजचं वागणं अडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. ते गरज वाटली तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजच्या कामांतल्या अशा अडचणींवर मदत करणाऱ्या तज्ज्ञांकडे, पाठवतील. केईएम, सायन आणि नायर या महापालिकेच्या तिन्ही मोठ्या रुग्णालयांत ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत. तिथे जाण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि नुसत्या कणकेच्या रडण्यावरून घाबरून जाण्यासारखंही काही नाही.

सासूबाईंच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे. ज्या घरानं कधीकाळी रेशनच्या रांगेत उभं राहून तांदूळ आणले असतील, तिथे किलोभर तांदूळ निळे-गुलाबी करून फेकलेले बघवत नाहीत. मलाही बघवत नाहीत. पण त्यांच्या म्हणण्यातून वाट निघते: खेळून झालेलं पानात आलं पाहिजे. मटार सोलायचे आहेत, तिला सोलू द्या. शेंग फोडताना होणारा आवाज, आत ओळीनं बसलेले दाणे, कुठल्या शेंगेत किती, यात अर्धा तास जातो. मटकी रात्री भिजवा, सकाळी फडक्यात बांधा. संध्याकाळी पुरचुंडी उघडायचा मान तिचा. दाणा फुगला का, कोंब किती लांब, कालचा वास आणि आजचा वास वेगळा का. दुसऱ्या दिवशी उसळ. चारच दाणे ओल्या कापसावर ठेवून द्या आणि आठवडाभर बघत राहा. सायीचं विरजण साठलं असेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत घालून ती हलवू दे. आधी खळखळ, मग जड, आवाज बंद, आणि एकदम पुन्हा खळखळ: लोणी आलं. तो आवाज बदलतो तेव्हा आजींनी “थांब, आता बघ” म्हणावं. विरजण गार असेल तर लोणी नीट गोळा होतं. सब्जा पाण्यात टाकला की काही मिनिटांत प्रत्येक बीभोवती काचेसारखं बुळबुळीत आवरण चढतं. हा तिला नकोसा वाटणारा स्पर्श आहे, तेव्हा लांबूनच, चमच्यानं, आणि मग सरबतात. सब्जा कोरडा मात्र खायला देऊ नका, तो भिजवलेलाच हवा.

यातलं बरंचसं दुपारी आजी करू शकतात, आणि करतही असतील. त्यांना “अ‍ॅक्टिव्हिटी घ्या” असं सांगू नका. “आई, आज मटकी बांधताना हिला जवळ घ्याल का?” एवढं पुरे.

पाण्याचा खेळ तर आहेच. अर्धी बादली आणि घरातल्या दहा वस्तू: लिंबू, बटाटा, चमचा, रिकामी बाटली, करवंटी, स्टीलची वाटी. तरंगेल की बुडेल? मुलांना वाटतं जड ते बुडतं. मग एवढासा चमचा बुडतो आणि शेंडीचा मोठा सुका नारळ तरंगतो, तेव्हा त्यांची मुद्रा बघण्यासारखी होते. वाटी सरळ ठेवली तर तरंगते, तिरकी केली तर तळाला जाते. नारळी पौर्णिमा जवळ आली आहे, समुद्रात सोडलेला नारळ का बुडत नाही याची गोष्ट आपोआप निघेल. एकच अट: पाणी आहे तोवर मोठ्या माणसानं हाताच्या अंतरावर बसायचं. फोन आला, दार वाजलं, तरी मुलीला उचलून न्यायचं. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. खेळ झाला की बादली लगेच रिकामी, ते पाणी झाडांना नाहीतर फरशीला.

धोक्याचं बोलतेच आहे तर स्पष्ट बोलते. पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे मणी घरात आणू नका. गिळले तर पोटात जाऊन फुगतात आणि आतडं अडवू शकतात. घड्याळातल्या, रिमोटमधल्या चपट्या बटण-बॅटऱ्या आणि छोटे शक्तिशाली चुंबक कुलपात ठेवा. गिळल्याचा संशय जरी आला तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं. वाटाणे, हरभरे, चिंचोके मुलं नाकात-कानात घालतात. घरी चिमट्यानं काढायला जाऊ नका, दाणा आणखी आत जातो. डॉक्टरांकडे न्या. कोरड्या रांगोळीचा आणि गुलालाचा टब करू नका, धूळ छातीत जाते. आणि हाताचा ठसा घ्यायला प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये मुलाचा हात कधीच बुडवायचा नाही. ते घट्ट होताना चांगलंच तापतं, भाजू शकतं.

ठसा हवाच असेल तर शाडू आहे. गणपतीच्या आधी दादरला, लालबाग-परळच्या बाजूला तो सहज मिळतो. मूठभर शाडूचे दोन गोळे करा, एक आठवडाभर पंख्याखाली खडखडीत वाळवा, दुसरा ओलाच डब्यात ठेवा. मग दोन ग्लास पाण्यात दोन्ही एकदम सोडा. कुठला आधी विरघळेल असं विचारलंत तर बहुतेक मोठी माणसंही ओला म्हणतील. होतं उलटं. वाळलेल्या गोळ्यातल्या बारीक भोकांत हवा असते. पाणी आत घुसतं, बुडबुडे निघतात आणि गोळा ढासळत जातो. ओला मात्र तसाच बसून राहतो. तुमच्या मुलीसाठी हा खेळ खास चांगला, कारण वाळलेला शाडू हाताला चिकटत नाही. पुढे विसर्जनाच्या वेळी बादलीतली मूर्ती विरघळताना ती काय बघते आहे, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळेल.

पाऊस सरला की खिडकीत सावल्या बघा. ऑक्टोबरच्या उन्हात ताटलीत मिठाचं पाणी ठेवून ते आटलेलं बघा, भिंगातून मिठाचे खडे चौकोनी दिसतात. तुमच्या कांजूरमार्गची मिठागरं हेच करत आली. पण तो पुढचा भाग. आत्ता आठवड्यातून तीन संध्याकाळी, पंधरा-वीस मिनिटं, एवढंच. दमून आला असाल त्या दिवशी काहीच नाही. भाकरीचा तवा, कुकरची वाफ आणि लसणाचा वास त्याही दिवशी घरात असतोच.

मागे पडण्याची भीती काढून टाका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ हे वय पायाभरणीचं मानलं आणि २०२२ च्या त्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात शिकण्याचा मुख्य मार्ग खेळ हाच ठेवला आहे. जी मुलगी वाटीतल्या कुरमुऱ्यांकडे बघून “पण का?” म्हणते ती कुठेही मागे नाही.

राहिला शनिवारचा व्हिडिओ. चित्रण सुरू झालं की मूल कॅमेऱ्यासाठी खेळायला लागतं, आणि आपणही. बाईंना सरळ लिहा, की आमच्याकडे या आठवड्यात सादळण्याचा खेळ चालू आहे, व्हिडिओ जमला नाही. त्याऐवजी कुरमुरे खातानाचे दोन आवाज रेकॉर्ड करून पाठवा, एक झाकलेल्या वाटीतला, एक उघड्या वाटीतला. कुठला कुठला ते इतर मुलांना कानांनी ओळखू दे.